हात बघून घेतलेलं मशीन

सई, ये इकडे, अशी पुढे सरक बघू. दाराला टेकून, एका हातात फोन धरून ऐकायची ही कुठली रीत गं तुमची? तू आत्ता नाशकात आहेस आणि मी इथे मीरा रोडला, शांती नगरच्या तळमजल्यावरच्या खिडकीशी बसून लिहितेय, हे मला कळतंय. तरी तू समोर बसली आहेस असं धरूनच लिहिणार. मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं लिहिता येत नाही. दहावीनंतर शाळा सुटली, निबंधाला कधी बरे मार्क पडले नाहीत, त्यामुळे बोलते तसंच कागदावर उतरतं. रागावलेय अशासाठी, की तू गाड्यांना पॉलिश करायचं दुकान टाकतेयस, केवढी मोठी गोष्ट, आणि आजीला विचारलंस काय, तर दोन मशीनचे फोटो पाठवून खाली एक ओळ, 'आजी, ह्यातलं कुठलं घेऊ?' जशी काय दोन साड्यांतली एक निवडायची आहे! अगं, आमच्या घरात एकदा असंच मशीन निवडायचं होतं. ते कुठलं येणार ह्यावर तुझी आजी शेडमध्ये राहणार की बाहेर जाणार, हे ठरणार होतं. ते आधी ऐक.

आम्ही तेव्हा मुर्ध्याला, भाईंदरजवळच्या गावात, राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे रत्नागिरीकडचे. मुंबईत दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्या रंगवून रंगवून कंटाळले आणि खाडीच्या बाजूला पत्र्याची एक शेड भाड्यानं घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. शेडला लागूनच दोन खोल्यांचं आमचं घर. मधे भिंत म्हणून नुसता विटांचा एक थर, त्यामुळे इकडे आई कुळथाची पिठी ढवळायची आणि तिकडे हातोडीखाली पत्रा सरळ होत असायचा, दोन्ही आवाज एकाच घरातले वाटायचे. थिनरचा वास आमटीत यायचा. पाहुणे नाक मुरडायचे, आम्हाला मात्र गावाला गेलो की आमटी अळणी लागायची. पलीकडे मिठागरं होती, उन्हात डोळे दिपवणारी, आणि तिकडून जो वारा यायचा तो खारट. त्या वाऱ्यानं आमचं पोट भरलं म्हणायला हरकत नाही, कारण शांती नगरात नव्या बिल्डिंगा उठत होत्या, नवे लोक नव्या-जुन्या गाड्या घेऊन येत होते, आणि वर्षभरात त्या गाड्यांची तकाकी हा वारा चाटून टाकायचा. मग आणा दत्ताभाऊंच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या, शेडवर.

काम सगळं हातानं चालायचं. वॉटर पेपर, म्हणजे बारीक घासकागद, भिजवून साबणाच्या पाण्यात हलक्या हातानं घासायचा, म्हणजे वरची मेलेली पापुद्र्याएवढी कातडी निघते. मग रबिंग कंपाउंड, ते पांढरं, दाट, दह्यासारखं, धोतराच्या जुन्या फडक्यावर घेऊन चोळत राहायचं, आणि शेवटी पॉलिश. मी लहानपणापासून फडकी धुवायला आणि बादल्या भरायला शेडमध्ये. कधी बादली बाजूला ठेवून फडकंच हातात घेतलं, ते माझं मलाही कळलं नाही. केसांवर, भुवयांवर कंपाउंडची पूड बसलेली असायची. शेजारची कोळीण मासळी द्यायला यायची ती दारातूनच ओरडायची, "गे बाय, ही पोर हाय का भूत? सगली पांढरी झाली!" आई हसायची नाही. माझी बोटं हातात घेऊन नखांच्या कडा बघायची आणि म्हणायची, "हे असले हात बघून कोण पसंत करणार आहे तुला?"

आता मुद्द्यावर येते. अण्णांचा उजवा खांदा धरला. आधी दुखला, मग आखडला, मग हात कानाच्या वर जाईना. रंगारी माणसाचा उजवा खांदा गेला म्हणजे काय, ते तू समजशील. डाव्या हातानं चहा प्यायला शिकले, दाढी करायला शिकले, पण बॉनेटवर हात फिरवायला लागले की ओठ घट्ट मिटलेले दिसायचे. शेडमध्ये अण्णांच्या जोडीला दिगूमामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ. पत्रा सरळ करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दंड असे, की हातोडी खेळण्यातली वाटावी. मामानं ठरवलं, आता पॉलिशचं मशीन आणायचं. एक मोठं, ताकदीचं मशीन तो स्वतः धरील, गावाहून एका चुलतभावाला मदतीला बोलावील, आणि कुंदा, म्हणजे मी, भाईंदरला शिवणक्लासला जाईल. "पोरीनं किती दिवस चिंध्या घासायच्या, ताई?" असं तो आईला म्हणाला, आणि प्रेमानंच म्हणाला. आईची मान लगेच हलली. अण्णांनी नुसतं माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. मी बादली उचलून भरायला गेले. मला शेड सोडायची नाही, मंद पडलेल्या रंगातून हळूहळू आपलं तोंड दिसायला लागतं तेव्हा हातातलं फडकं खाली ठेववत नाही, हे मोठ्या माणसांना कसं सांगायचं, ते तेव्हा मला येत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामा मुंबईच्या हत्यारांच्या बाजारातून, नागदेवीच्या गल्लीतून, मशीन घेऊन आला. दुकानदारानं वापरून बघायला दिलं होतं, आवडलं तर ठेवा म्हणून. केवढं ते धूड! आमच्या पाट्यावरचा वरवंटा बरा. पुढे ताटलीएवढी लोकरीची टोपी, पांढरीशुभ्र. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. हातोड्या, लांबी भरायच्या पत्र्या, रंगाची बंदूक, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडायचं. त्या वर्षी आईचा उत्साह काही और. नवीन मशीन आलंय, भावानं आणलंय. तिनं पाटावर, पाटाभोवती नव्हे, थेट पाटावर, रांगोळीचं आठ पाकळ्यांचं कमळ काढलं, पाकळ्यांत गुलाबी रंग भरला, आणि मशीन त्या कमळावर बसवलं. मशीन उभं राहीना, म्हणून तोंड खाली करून, लोकरीवर. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, सोनं म्हणून आपट्याची पानं ठेवली. श्रीखंडपुरी झाली. मामा म्हणाला, "आता बघा, उद्यापासून शेडमध्ये विमान उतरणार."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये होती एका गुजराती शेठजींची काळी फियाट. शांती नगरात नुकतेच राहायला आलेले, पण अण्णांचे मुंबईच्या गॅरेजापासूनचे जुने गिऱ्हाईक. शरद पौर्णिमेला त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि त्यांना घ्यायला हीच गाडी जायची होती. काळा रंग सगळ्यात अवघड, सई, तो काही लपवत नाही. मामानं मशीन सुरू केलं. आवाज असा झाला की खाडीवरचे बगळे उडाले. मामाच्या अंगाला झटके बसत होते, मशीन एका बाजूला ओढत होतं, पण मामा काय ऐकतोय! दात-ओठ खात त्यानं अख्खं बॉनेट फिरवून काढलं. शेडच्या सावलीत सगळं छान दिसत होतं. मग गाडी ढकलून उन्हात आणली, आणि बघतो तर काय! बॉनेटभर गोल गोल रेघा. एकीत एक, एकीवर एक, साळुंकीच्या पायाएवढ्या बारीक नव्हेत, चांगल्या नखानं ओढल्यासारख्या. आणि पुढच्या कडेला रंग इतका घासला गेला की खालचा तांबडा प्रायमर नखाएवढा डोकावत होता.

नेमके त्याच वेळेस शेठजी स्कूटरवरून आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "अरे दत्ताभाई, ये क्या किया? पॉलिश बोला था मैंने, तुमने तो गाडी पे जलेबी बना दी!" मामा त्यांना मशीनची ताकद समजावून सांगायला लागला. शेठजी म्हणाले, "ताकद दिख रही है, भैया, बराबर दिख रही है." मला तेव्हा हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडूही आलं. अण्णांनी मशीनची लोकर डाव्या हाताच्या चिमटीत धरून काळ्या फडक्यावर झटकली. पांढरे कण पडले, आणि थोडे गुलाबी. आई दारात उभी होती. ती जवळ आली, तिनं एक कण बोटावर घेतला आणि तिचा चेहराच उतरला. "अहो, ही तर माझी रांगोळी!" रांगोळी म्हणजे शेवटी दगडाचीच भुकटी. ती लोकरीत जाऊन बसली होती आणि शेठजींच्या बॉनेटवर आठ पाकळ्यांच्या कमळाचं काय झालं ते आम्ही उन्हात उभं राहून बघत होतो. दुसरा कोणी नवरा असता तर पेटला असता. अण्णा आईला म्हणाले, "अगो, देवाला काढलेली रांगोळी देवाच्या दारात राहते. ही शेठजींच्या घरच्या लक्ष्मीच्या गाडीवर आली, एवढंच." आणि शेठजींना म्हणाले, "पौर्णिमेच्या सकाळी या. गाडी तयार असेल." आजही मला आश्चर्य वाटतं, की हे बोलताना त्यांचा खांदा जागचा हलत नव्हता आणि मामाचा हात पडला हातोडीचा. मग हे काम कुणाच्या जिवावर कबूल केलं त्यांनी?

माझ्या जिवावर. मला तोंडानं काही सांगितलं नाही. नुसता वॉटर पेपर बादलीत भिजत घातला आणि स्टूल ओढून गाडीपाशी बसले. "सरळ रेघेत घास, कुंदे. गोल फिरवू नकोस. गोल फिरवून गोल रेघा जात नाहीत." मी घासायला लागले. एवढासा तुकडा घ्यायचा, तळहाताएवढा, पाणी, साबण, हलका हात, पुसून बघायचं, परत. अण्णा डोळ्यांनी घासत होते म्हण ना. जरा जोर जास्त झाला की नुसतं "हं" म्हणायचे, की मी हात उचलायची. आई जेवण शेडमध्येच आणून द्यायची, भाकरीचे घास स्वतः भरवायची, कारण माझे हात कंपाउंडचे. तिचं मन खात होतं तिला. एकदा घास भरवताना म्हणाली, "दमलीस तर सांग." मी म्हटलं, "दमले नाही गं, मजा येतेय." तिनं माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे बघितलं. अण्णा बादलीत बघत होते. कडेचा प्रायमर अण्णांनी डाव्या हातात बारीक ब्रश धरून, तीनदा पुसून चौथ्यांदा, रंगानं झाकला. पौर्णिमेला शेठजी आले तेव्हा बॉनेटमध्ये त्यांना स्वतःच्या टोपीचा काठसुद्धा दिसला. पाहुणे आले, गाडीतून हिंडले, आणि लग्न ठरलं. ते काही गाडीमुळे ठरलं नसणार, पण शेठजी आयुष्यभर तसंच सांगत राहिले. त्यांच्या घरचे दूध-पोहे चांदण्यात ठेवून थंड केलेले, वेलची घातलेले, त्या वर्षीपासून दर वर्षी आमच्याकडे यायला लागले.

मशीन परत करायला आम्ही तिघं गेलो, अण्णा, मामा आणि मी. मला कशाला नेतायत ते मामाला कळेना, मलाही कळलं नव्हतं. वाटेत मामाचं एकच पालुपद, "रांगोळी होती म्हणून झालं, भावोजी. मशीनचा काय दोष? हेच ठेवू." अण्णा म्हणाले, "रेघा रांगोळीच्या, कबूल. पण कड कुणी खाल्ली रे, दिगू?" त्यावर मामानं तोंड फिरवलं, पण दुकान येईपर्यंत पालुपद पुन्हा सुरू.

दुकान म्हणजे एक बोळ होता, दोन्ही बाजूंनी हत्यारं लटकलेली. म्हातारे दुकानदार, सगळे त्यांना चाचा म्हणायचे, जाड चष्मा, अण्णांशी अर्धं मराठीत अर्धं हिंदीत बोलायचे. त्यांनी आमचं धूड परत घेतलं आणि त्याच्या शेजारी दुसरं एक मशीन ठेवलं. परदेशी, लहान, जरा लांबुडकं. ते नुसतं गोल फिरत नव्हतं, फिरता फिरता डुलत होतं, जात्यावर दळणाऱ्या बाईसारखं. चाचांनी एक भंगारातलं गाडीचं दार मधे ठेवलं होतं, त्याच्यावर दोन्ही मशीनं चालवून दाखवली. मोठं मशीन भराभर काम करायचं, पण दाराला हात लावला की पत्रा तापलेला. लहान मशीन संथ, पत्रा कोमट. त्यावर फार जोर दिला तर ते फिरायचंच थांबायचं, रुसल्यासारखं. "ये ताकद का है, ये सबर का," चाचा म्हणाले. "एक का काम दूसरा नहीं करेगा." मामा म्हणाला, "बघा, हे म्हणतायत हळू आहे! एका गाडीला दिवस घालवायचा काय?" अण्णा म्हणाले, "घाई तुला आहे, रंगाला नाही." मग त्यांनी मोटरमधला कार्बन झिजला तर नवा कुठे मिळेल ते विचारलं, टोप्या धुता येतात का विचारलं, वायर केवढी आहे ते ओढून बघितलं. आणि मग माझ्याकडे वळले.

"कुंदे, हे मोठं हातात घे. असं, समोर धर. बंदच आहे, घाबरू नकोस. आता सांग, आईनं येताना काय काय आणायला सांगितलंय?"

मला वाटलं, ही काय वेळ झाली! तरी धरलं आणि सांगायला लागले, "वेलची, आमसुलं, धने..." धन्यांपर्यंत येता येता माझा आवाज कापायला लागला. अण्णा म्हणाले, "ठेव खाली." मग लहान मशीन हातात दिलं. "आता परत सांग." मी सांगितलं, वेलची, आमसुलं, धने, हिंग, स्टोव्हच्या वाती, मामाला तंबाखू अजिबात घेऊन द्यायचा नाही, आणि लाल मण्यांचं कानातलं. अण्णा म्हणाले, "कानातलं आईनं कधी सांगितलं?" मी म्हटलं, "तिनं नाही सांगितलं. मी सांगतेय." चाचा एवढ्या मोठ्यानं हसले की चष्मा सावरायला लागला. हात तसाच समोर धरलेला होता माझा आणि मी हे बोलत होते, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

मामाच्या तेव्हा ध्यानात आलं काय चाललंय ते. त्याचा चेहरा लाल झाला. "भावोजी, आपण मशीन घ्यायला आलोय, का हिला बांगड्या भरायला?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "कासारसुद्धा आधी हात दाबून बघतो रे. हात न बघता भरली तर बांगडी फुटते, आणि वर हातालाही लागते."

"पण मशीन कोण धरणार ते तरी ठरू दे!"

"ठरलं की. यादी सगळी आली तिच्या तोंडून."

हे एवढंच झालं बघ. ह्याहून मोठं बोलणं आमच्या घरात कधी कोणी केलं नाही. पण मला विचारशील तर माझा जन्म मुर्ध्याला नाही, त्या बोळात झाला. नंतर किती माणसांच्या हाताखाली काम केलं, किती माणसं माझ्या हाताखाली आली, पण आपल्या मापाची वस्तू कुणीतरी आपल्यासाठी भर दुकानात मागावी, हा मान मला त्या दिवशी मिळाला, आणि तो पुढे आयुष्यभर पुरला. मामा परतताना आमच्या पुढे पुढे चालत राहिला. पण आठवड्याच्या आत त्यानं गाडीच्या जुन्या स्प्रिंगा वाकवून मशीनला एक घोडी बनवली, तोंड वर करून ठेवायला, आणि म्हणाला, "घे, महाराणीला सिंहासन." माझा मामा मनानं असा होता. रागही भराभर, प्रेमही भराभर.

घरी आईनं मशीन बघितलं, मला बघितलं. "अहो, पण हिचं लग्न?" अण्णा म्हणाले, "करू की. मशीन घेऊन जाईल." ते थट्टेत म्हणाले, पण आई ते विसरली नाही. खरोखर माझ्या रुखवतात लाडू-करंज्या, क्रोशाचे रुमाल आणि मधोमध हार घातलेलं पॉलिशचं मशीन मांडलं होतं. तुझ्या आजोबांची मावशी बराच वेळ निरखून बघत होती, शेवटी माझ्या आईला म्हणाली, "मिक्सर वेगळा दिसतो हो तुमच्याकडचा!" आई ठसक्यात म्हणाली, "मिक्सर नाही तो. आमच्या कुंदाचं हत्यार आहे." नखं बघून सुस्कारे टाकणारी माझी आई ही! तिचेही उपकार मी इथे लिहून ठेवते. बदलायला तिला वेळ लागला, पण बदलली ती पुरती बदलली.

आता शेवटचं सांगते. त्या मशीननं मी पहिली गाडी केली तो दिवस. शेडला उजेड एकाच बाजूनं यायचा, दाराच्या बाजूनं, आणि त्या उजेडात अण्णांची जागा. तिथे उभं राहून ते काम करायचे आणि खांदा धरल्यापासून तिथेच स्टूल टाकून बसायचे. आम्ही बाकीचे त्यांच्या सावलीत जसं जमेल तसं काम करायचो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मी मशीन सुरू केलं. घूंऽऽ असा बारीक आवाज, मोठ्याच्या मानानं काहीच नाही. एक हात झाला, पुसून बघायला मी वाकले. अण्णांची सावली नेमकी त्याच ठिकाणी पडत होती, मला काही दिसेना. मी मान तिरपी करून बघायला लागले. अण्णांनीच एकदा पत्र्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग उठले, डाव्या हातानं स्टूल उचललं, आणि आत, अंधाऱ्या बाजूला, रंगाच्या डब्यांपाशी नेऊन ठेवलं. बसले. म्हणाले, "आता दिसतंय?"

"दिसतंय, अण्णा," मी म्हटलं.

ते पुन्हा कधी दाराच्या बाजूला बसले नाहीत. इतकी वर्षं झाली, मिठागरांच्या जागी आता उंच इमारती आहेत, शेड गेली, अण्णा गेले, दिगूमामा गेला. पण लिहिताना अजून तो स्टुलाचा पाय सिमेंटवर घासल्याचा आवाज माझ्या कानात येतो. लोक देवाकडे काय काय मागतात. मला न मागता उजेड मिळाला.

म्हणून सई, फोटो बघून मी तुला काही सांगणार नाही. इथे स्टेशनजवळ आता मशीनचं एक चांगलं दुकान आहे, हातात घेऊन बघू देतात. गुडघे माझे कुरकुरतात, पण शेअर रिक्षापर्यंत मी येते, तेवढा दम आहे. येताना दुकानाची घाई घरी ठेवून ये. सकाळच्या वेळेस ये, म्हणजे दुपारी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन निवांत बोलता येईल. दोन दिवस रहा. आणि लवकर ये गं, वाट बघायला लावू नकोस मला.